बिघाड की बहुरूपी

विलासराव लांजेवारांनी घरातल्या यंत्राला एवढंच विचारलं होतं, की वरच्या टाकीत पाणी किती आहे. यंत्रानं उत्तर दिलं, पण ते खुद्द विलासरावांच्याच आवाजात.

"तृप्तीचं काय, परक्याची पोर ती. दोन शब्द गोड बोललं की दिवसभर राबते. बोलायला आपलं काय जातं."

टाकीबद्दल त्यानं अवाक्षर काढलं नाही.

तृप्ती म्हणजे विलासरावांची सून. ती ओट्यापाशी उकडलेल्या कैऱ्यांचा गर काढत होती. तिचा हात कैरीतच राहिला. विलासराव दिवाणखान्यात तोंड उघडं टाकून यंत्राकडे बघत बसले. तेवढ्यात दाराचं कुलूप आपोआप पडलं, कूलरचा पंखा घरघरत थांबला आणि दारावरचा तांबडा दिवा लागला. नागपूरचा मे महिना, दुपारची वेळ, चौथा मजला. आत दोनच माणसं आणि त्यांच्यामध्ये ते वाक्य.

"मी नाही बोललो हे," विलासराव म्हणाले.

"मी कुठं म्हटलं तुम्ही बोललात?" तृप्ती म्हणाली आणि गर पुन्हा काढू लागली. पण आता ती कोयी जरा जास्तच जोरानं पिळत होती.

ह्या यंत्राचं नाव कारभारी. शहरात आता बहुतेक घरी असतो तो. टाकी भरणं, दिवे लावणं, दार उघडणं, म्हाताऱ्यांना गोळीची आठवण करणं, नको असलेले फोन आपल्या वतीनं आणि आपल्याच आवाजात कटवणं, ही सगळी कामं तो करतो. आपला आवाज त्याला यावा म्हणून तो घरातलं बोलणं ऐकतो, काही काळ आठवणीत ठेवतो आणि मग पुसून टाकतो. निदान विकणारे तरी तसं सांगतात, आणि घेणारे फारसं विचारत नाहीत.

लोक ज्याला घाबरत, तो निराळा. 'बहुरूपी' नावाचा एक मालवेअर गेली काही वर्षं घरोघरच्या कारभाऱ्यांत शिरत होता. शिरला की तो गुपचूप बसतो, सगळ्यांचे आवाज शिकतो आणि एक दिवस घरातल्या एकाच्या आवाजात दुसऱ्याबद्दल एखादं विषारी वाक्य बोलतो. घरात भांडण पेटतं. भांडणाऱ्या घराचं कुलपाकिल्ल्यांकडे लक्ष नसतं, हे साधं मानसशास्त्र त्याच्या कर्त्यांना ठाऊक होतं. नवरा-बायको एकमेकांचे वाभाडे काढत असताना बहुरूपी निवांतपणे त्यांचे सगळे पासवर्ड बाहेर पाठवत असे. आणि माणसांच्या अंगावरच्या, अंगातल्या यंत्रांवर बसून तो शेजारी जाई. विलासरावांच्या गळपट्टीच्या हाडाखाली हृदयाचे ठोके सांभाळणारं यंत्र होतं. तृप्तीच्या दंडात साखर मोजणारी चकती होती. घड्याळ उतरवून ठेवता येतं, ह्या वस्तू कशा ठेवणार? म्हणून कायदा झाला. कारभारी कुणी सांगितल्याशिवाय माणसाच्या आवाजात बोलला, की चौकटीवरचा चौकीदार, म्हणजे एक मठ्ठ, कशालाही न भुलणारा डबा, घराचा बाहेरच्या जगाशी संबंध तोडतो, कारभारी आणि त्याच्या ताब्यातले पंखे बंद करतो आणि दार लावतो. निदान होईपर्यंत आतले आत, बाहेरचे बाहेर.

हा कायदा ज्यांनी लिहिला, त्यांच्या घरी सासरा आणि सून एकत्र नसावेत.

निदान करणारी निरीक्षक आली ती संध्याकाळ व्हायच्या आत. कल्याणी उमरेडकर तिचं नाव, वय पस्तिशीचं, खांद्याला कातडी पिशवी. लाकडी दार बंद असलं तरी त्यात दुधाच्या पिशवीसाठी एक झडप होती. तिथून तिचे डोळे आणि अर्धं नाक दिसत होतं. तिच्या मागं तृप्तीचा नवरा हेमंत उभा होता. तो वर्ध्याहून कचेरी टाकून आला होता.

"काय होऊन राहिलं आत? तब्येती बऱ्या आहेत ना?" कल्याणीनं विचारलं.

"गरम होऊन राहिलं, बाकी काय," विलासराव म्हणाले. "मॅडम, त्या हरामखोर बहुरूप्याला काढा बाप्पा. माझ्या सोन्यासारख्या सुनेबद्दल काय काय बोलला तो माझ्या तोंडून."

"बाबा, तुम्ही मनाला लावून घेऊ नका," हेमंत मागून म्हणाला. "तृप्ती, तूही. बहुरूपीच आहे तो. बाबा असं बोलतील का कधी?"

तृप्तीच्या डोक्यात माणसांचा जमाखर्च कायम चालू असे. ती कुणाला तो दाखवत नसे, पण कुणी चहाचा कप उचलून मोरीत ठेवला तरी तिकडे जमा पडे. सासऱ्यांच्या खात्यात जमा भरपूर होती. तिची आई गेली तेव्हा हेमंत परगावी होता. तेव्हा हे म्हातारबुवा छातीतलं यंत्र घेऊन तिच्यासोबत अकोल्यापर्यंत बसनं गेले होते. रोज 'पोरी' म्हणत. भाजी खारट झाली तरी 'झकास' म्हणत. त्या 'झकास'वर तिनं कितीतरी उन्हाळे काढले होते. आता एका वाक्यानं विचारलं होतं, की ही जमा खरी होती की खोटी नाणी होती.

"बहुरूपी आहे की साधा बिघाड, ते आपण ठरवू," कल्याणी म्हणाली. "ताई, ते तुमच्याच हातांनी होणार."

"माझ्या? मला काय कळतं त्यातलं?"

"न कळणंच चांगलं. मी आत येऊ शकत नाही. माझ्या कानात यंत्र आहे, आत आले की मीही तुमच्याच घरची झाले. कॅमेरा पाठवला तर तोही संशयित. आणि कारभाऱ्याला विचारून उपयोग नाही. डॉक्टर पेशंटला विचारतो, पेशंट कण्हतो. आमच्या पेशंटला संसर्ग झाला असला तर तो 'मी ठणठणीत' असंच म्हणणार. म्हणून त्याचं सांगणं धरायचं नाही. माणूस आपल्या डोळ्यांनी बघेल ते धरायचं. तुम्ही बघायचं आणि तुम्ही सांगायचं. तुमचा शब्द मी लिहिणार."

मग तिनं झडपेतून समजावलं, आणि नीट समजावलं. यंत्र 'पुसलं' म्हणतं तेव्हा ते पाटी पुसत नाही. वाचनालयातलं पुस्तक कपाटातच राहतं, फक्त त्याचं कार्ड फाडतात. त्या जागी दुसरं पुस्तक येईपर्यंत ते तिथंच धूळ खात पडलेलं असतं. आता पुस्तक आणणाऱ्या शिपायाची नजर गेली, म्हणजे आठवणीच्या चिपमधला एखादा जोड सैल झाला, की तो टाकीचं पुस्तक आणायला जातो आणि भलत्याच कप्प्यात हात घालतो. हाती येईल ते वाचून दाखवतो.

"म्हणजे बिघाड असला तर..." तृप्ती म्हणाली.

"बहुरूपी बोलतो ते रचलेलं असतं. बिघाडातून येतं ते कधीतरी ह्या घरात कुणीतरी बोललेलं असतं." कल्याणीनं हे सहज सांगितलं, जसा एखादा वैद्य पथ्य सांगतो. विलासरावांनी घाम पुसला.

"आणि बिघाड निघाला तर दार कधी उघडेल?"

"लगेच. मी जुनं काढून नवीन लावून देते."

"आणि बहुरूपी निघाला तर?"

"मग ही अख्खी विंग बंद. वरपासून खालपर्यंत, सगळी दारं. विंगेतला प्रत्येक कारभारी धुऊन होईस्तोवर. महिना धरा."

हे ऐकायला खालच्या मजल्यावरच्या खापरेकाकू जिन्यात उभ्याच होत्या. त्यांची मुलगी बाळंतपणाला आलेली, दिवस भरत आलेले. "तृप्ती," त्यांनी जिन्यातूनच हाक दिली, "जे असंल ते खरं पाहून सांग व. पोरीची बॅग दाराशी भरून ठेवली आहे मी. दारच बंद झालं तर दवाखान्यात काय खिडकीतून न्यायची तिले?"

"काकू, ती काय मुद्दाम करून राहिली का?" हेमंत म्हणाला.

"मी कुठं म्हटलं मुद्दाम? मी फक्त बॅगेचं सांगितलं."

झडपेतून एक लहान पेटी आत आली. तिच्यात एक सीलबंद चावी, एक पेचकस आणि एक हातरुमाल होता. हातरुमाल कशाला, ते तृप्तीला मागाहून कळलं. बर्फ बांधायला.

चावी म्हणजे अंगठ्याएवढी वस्तू. तिच्यात कारभाऱ्याचा कोरा, स्वच्छ प्रोग्रॅम असा कोरलेला होता, की त्यावर कुणालाच काही लिहिता येत नव्हतं. ती लावून यंत्र सुरू केलं की जुने सगळे प्रोग्रॅम बाजूला राहतात आणि त्यांच्यात लपलेला बहुरूपीही. चावी आठवणीतून ठरलेल्या गोष्टी मागते आणि जे हाती लागेल ते मोठ्यानं वाचते. वाचन सरळ आलं तर दोष प्रोग्रॅममध्ये. तरीही भलतंच आलं तर संशय चिपवर.

"पण एवढ्यानं भागत नाही," कल्याणीनं बजावलं होतं. "काही बहुरूपी चिपच्या मुळाशी घर करतात. त्यांच्यासाठी ड्रायर. केस वाळवायचा आहे ना घरी? आणि बर्फ. बहुरूपी वेळ बघतो, माणूस बघतो, कोण ऐकतंय ते बघतो. बिघाडाला हेतू नसतो, ताई. तो तापला की बडबडतो आणि थंड झाला की गप्प. पुन्हा पुन्हा तापवा, पुन्हा पुन्हा निववा. उष्णतेच्या तालावर नाचला तर बिघाड."

कारभाऱ्याचं कपाट दिवाणखान्याच्या कोपऱ्यात होतं, कूलरच्या खिडकीला लागून. तृप्तीनं स्टूल ओढलं. विलासराव मागोमाग आले, बर्फाचं भांडं दोन्ही हातांत धरून.

"तुम्ही पडा जरा, बाबा. उकाड्यात उभे राहू नका."

"तू राबशील आणि मी पडू?" ते म्हणाले, आणि 'राबशील' ह्या शब्दावर दोघंही अडखळले. विलासरावांनी घाईनं पुस्ती जोडली, "तुझ्यासारखी हुशार सून साऱ्या नागपुरात नाही, पोरी."

तृप्तीनं त्यांच्याकडे नुसतं पाहिलं. दुपारपासून म्हातारबुवांची गोडी दुपटीनं वाढली होती. पन्हं झकास, हात हलका, डोकं तल्लख. एरवी ही वाक्यं ती ओच्यात वेचून घेई. आज प्रत्येक वाक्य दगडावर वाजवून बघावंसं वाटत होतं.

तिनं चावी लावली.

"टाकी अर्धी," यंत्र म्हणालं. ह्या वेळी आवाज यंत्राचाच होता, कोरडा. "गिझर बंद. बाल्कनीचा दिवा बंद."

विलासरावांचा चेहरा उजळला. "पाहिलं? चावी लावली आणि झाला चूप. बहुरूपीच तो. जा, सांगून टाक तिला."

तृप्तीलाही तेच हवं होतं. तिनं तिथंच थांबावं असं तिच्या मनानं कळवळून सांगितलं. पण इतका वेळ सगळं बंद असल्यानं यंत्र थंड पडलं होतं, हे तिच्या ध्यानात आलं. गार तव्यावर हात ठेवून तवा तापत नाही असं कसं म्हणायचं? तिनं ड्रायर चालू केला.

कपाटाच्या जाळीतून गरम हवा आत गेली. "टाकी अर्धी," यंत्र म्हणालं. "गिझर बंद." आणि मग दिव्याच्या जागी विलासरावांचा आवाज आला. "तृप्तीचं काय, परक्याची पोर ती..."

तिनं ड्रायर बंद केला. भांड्यातला बर्फ रुमालात बांधून कपाटाला लावला. थोड्या वेळानं यंत्र पुन्हा म्हणालं, "बाल्कनीचा दिवा बंद."

"योगायोग असंल," विलासराव म्हणाले.

तिनं पुन्हा तापवलं. पुन्हा तेच वाक्य, त्याच ठिकाणी, त्याच श्वासासह. पुन्हा निववलं, पुन्हा दिवा. कुणी ऐकतंय की नाही, रात्र की दिवस, यंत्राला कशाचंच सोयरसुतक नव्हतं. आता तिनं चिडून ड्रायर जाळीला टेकवलाच. तिला त्या वाक्याचं पुढचं टोक ऐकायचं होतं. कदाचित पुढं विलासराव 'पण' म्हणाले असतील. 'पण पोर गुणाची आहे' असं काही. माणूस अर्धवट ऐकून दुखावला की पुढचा अर्धा भाग आपल्या बाजूचा असेल, ही आशा त्याला सुटत नाही.

"...बोलायला आपलं काय जातं," विलासरावांचा आवाज म्हणाला. जरा खरखर झाली. शिपायाचा हात शेजारच्या कप्प्यात गेला. मग आला तृप्तीचा आवाज. हसरा, फोनवरचा.

"अगं रसिके, म्हाताऱ्याला वाटतं मी त्याच्या गोडीला भुलते. भुलू दे. हेमंतची बदली पक्की झाली की आपण सुटलो. ते बसतील मग कारभाऱ्याशी बोलत. तोवर बाबा-बाबा करायचं, आपलंही काय जातं."

ड्रायर चालूच होता. तो बंद करायचं भान तिला जरा उशिरा आलं.

विलासराव बर्फाचं भांडं धरून उभे होते. बर्फाचं पाणी होऊन त्यांच्या मनगटावरून ओघळत होतं. त्यांनी भांडं खाली ठेवलं, तेही हळूच, आवाज न करता.

"रसिका म्हणजे तुझी अकोल्याची बहीण ना," ते म्हणाले. नुसतंच म्हणाले, विचारलं नाही.

"हो."

दार बंद होतं, खिडक्यांना जाळ्या होत्या, पंखा नव्हता. त्या घरात त्या क्षणी जायला कुठलीच जागा नव्हती. ती स्वयंपाकघरात गेली असती तर भिंतीपलीकडून त्यांचा श्वास ऐकू आला असता. ते बाल्कनीत गेले असते तर काचेतून तिचा चेहरा दिसला असता. म्हणून दोघंही होते तिथंच राहिले. तिनं पेचकस घेतला आणि कपाटाचं झाकण उघडलं, हातांना काहीतरी हवं म्हणून.

आत चिपच्या पायांवर पांढरी बुरशी साचली होती. बुरशी कसली, मीठ होतं ते. वाळ्याचा मंद वास आला. कूलरच्या ताटीचा.

"हे ओलं कसं झालं?"

विलासरावांनी खाली पाहिलं. "मीच फिरवला होता कूलर तिकडे, उन्हाळा लागला तेव्हाच. एका दुपारी हात लावला तर चटका बसला. म्हटलं, हाही दिवसभर राबतोच, घ्यावा थोडा वारा."

झालं होतं ते सरळ होतं. बोअरचं जड पाणी कूलरच्या हवेबरोबर तुषार होऊन कपाटात जायचं, पाणी उडायचं आणि क्षार मागं राहायचे. क्षारांनी धातू खाल्ला, जोड सैल केले. तापलं की जोड सुटायचा आणि शिपाई भलत्या कप्प्यात. ज्या म्हाताऱ्यानं आयुष्यभर यंत्राला उन्हाळा लागतो असं मानलं, त्यानंच त्याला वाऱ्यात बसवून आजारी पाडलं होतं. असा बिघाड दुसऱ्या गावी व्हायचा नाही.

"माझ्यासाठी ओट्याकडे कधी नाही फिरवला तो कूलर," तृप्ती म्हणाली. तिला हे म्हणायचं नव्हतं. आत कुठंतरी नोंद होती, ती तोंडातून आली.

"तू कधी म्हणाली नाहीस."

"यंत्र म्हणालं होतं का?"

विलासराव खुर्चीवर बसले. मग ते खालच्या आवाजात म्हणाले, "बहुरूपी म्हण, पोरी. तुलाही बरं, मलाही बरं. महिनाभर राहू आत. मी काढीन उकाडा. हेमंतलाही काही कळायला नको."

तृप्तीनं तो विचार हातात धरून पाहिला. चांगला विचार होता. दोन्ही वाक्यं एका अनोळखी चोराच्या नावावर चढवायची आणि आपण दोघं कोरे. हेमंत जन्मभर म्हणत राहील, आमच्याकडं एकदा बहुरूपी आला होता. महिनाभर ह्या भट्टीत राहायचं, हे खरं. पण महिना संपतो. खरं वाक्य संपत नाही. आणि जे खोटं ठरवायचं ते दोघांनाही खोटं ठरवायचं होतं, त्यामुळं साक्षीदार फुटायची भीतीही नव्हती. हिशेब इतका सुबक जुळत होता, की तिला त्याचाच संशय आला. जुळणाऱ्या हिशेबात कुणाचं तरी देणं दडपलेलं असतं.

आणि ते देणं खालच्या मजल्यावर, दाराशी बॅग ठेवून बसलं होतं.

"काय निघालं, ताई?" झडप उघडून कल्याणीनं विचारलं. मागं हेमंत, जिन्यात खापरेकाकू. विलासराव खुर्चीवरूनच तृप्तीकडे पाहत होते. त्यांच्या नजरेत विनवणी होती, आणि भीतीही.

"तापलं की बोलतो, निवलं की गप्प," तृप्ती म्हणाली. "आत क्षार साचले आहेत. जोड सुटला आहे."

"म्हणजे?"

"बिघाड."

खापरेकाकूंनी जिन्यात मोठा श्वास सोडला आणि त्या लगबगीनं खाली गेल्या. हेमंतला मात्र अर्थ लागायला वेळ लागला. लागला तेव्हा त्यानं झडपेला तोंड लावलं.

"म्हणजे... बाबा ते खरंच बोलले होते?"

कल्याणी लिहिता लिहिता म्हणाली, "तो विभाग माझा नाही, साहेब."

"मीच बोललो होतो," विलासराव आतून म्हणाले. "सुनंदाशी. फोनवर." सुनंदा म्हणजे त्यांची पुण्याची मुलगी.

"आणखी काही निघालं का त्यातून?" हेमंतनं विचारलं. तो वर्ध्याच्या कचेरीत चौकशा करायचाच पगार घेई. अर्धं ऐकून थांबणं त्याच्या रक्तात नव्हतं.

झडपेतून येणारा उजेड थेट तृप्तीच्या तोंडावर होता.

"नाही," विलासराव म्हणाले. "माझंच तेवढं. बाकी टाकी आणि गिझर."

तिनं वळून पाहिलं. ते तिच्याकडे पाहत नव्हते. ते ओल्या झालेल्या बाह्या खाली ओढत होते. त्यांच्या खात्यात आज नावे पडलं होतं, त्याच्याच समोर हे आता जमा मांडायचं होतं, आणि ते कुठल्या दरानं मांडायचं, ते तिला कळेना. ह्यात गोड शब्द एकही नव्हता. उलट, उघड उघड खोटं होतं.

दार उघडलं. बाहेरची हवा काही थंड नव्हती, पण ती बाहेरची होती. हेमंत आत आला, वडिलांकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं, आणि कोणाजवळ आधी जावं हे न समजून त्यानं जुना कारभारी उचलला. "हा खाली गाडीत ठेवून येतो," असं म्हणत तो जिना उतरला. पुरुषमाणसाला अशा वेळी एखादं जड ओझं मिळालं तर तो देवाचे आभार मानतो.

कल्याणीनं नवा कारभारी लावला. कूलर तिनं स्वतः कपाटापासून दुसरीकडे वळवला, काही न बोलता. मग टेबलावर एक चपटी पाटी ठेवली. तिच्यावर हिरव्या रेघा थरथरत होत्या.

"आता ह्याला तुमचे आवाज शिकवायचे. दोघं समोरासमोर बसा आणि बोला."

"काय बोलू?" विलासरावांनी विचारलं.

"काहीही. घरात रोज बोलता तसं."

सासरा आणि सून समोरासमोर बसले. रेघा सपाट पडल्या. घरात रोज बोलता तसं बोला, एवढीच साधी मागणी होती. विलासरावांनी तोंड उघडलं, 'पोरी' हा शब्द ओठांपर्यंत आला आणि तिथंच थांबला. तृप्तीनं 'बाबा' म्हणायला श्वास घेतला, आणि तो नुसताच बाहेर पडला. इतकी वर्षं ह्या दोन शब्दांवर सगळी वाहतूक चालत होती. आता ते दोन्ही तपासणीत अडकले होते.

विलासरावांनी हळूच नव्या यंत्राचं माहितीपत्रक ओढलं आणि चष्मा लावला. "हे वाचून दाखवलं तर चालेल का?"

"नाही चालत, काका. वाचण्याचा आवाज वेगळा असतो. त्याला बोलण्याचा लागतो."

"तुम्ही ऐकून राहिल्या का?" तृप्तीनं विचारलं.

"मी काहून ऐकू? मला फक्त रेघा दिसतात. कानातलंही काढून ठेवते आता."

"आणि हा? आम्ही बोलू ते हा पुसेल ना?"

कल्याणी रेघांकडे पाहत राहिली. "पुसतो म्हणजे... पुसणार नाही असं धरूनच बोला, ताई. मला विचाराल तर." आणि कानातलं काढून तिनं पाठ फिरवली.

खाली अंगणात गाडीचं दार आपटल्याचा आवाज आला. हेमंत जिना चढून यायला थोडाच वेळ होता.

"मला लागलं ते वाक्य," तृप्ती म्हणाली.

सपाट रेघांत एक टेकडी उठली.

"लागणारच." विलासरावांनी चष्मा काढला. "तुझंही लागलं मला."

"बदलीचं खरं होतं माझं. सुटायचं होतं मला. अजूनही आहे."

"आणि 'भुलू दे'? तेही खरं?"

"ते नाही. भुलतच होते मी. रसिकेसमोर शहाणपणा केला." तिनं पदर आवळून घेतला. "तुमचं? खरं होतं?"

विलासरावांनी बराच विचार केला. ह्या वेळी उत्तर गोड नको, खरं हवं, एवढं त्यांना कळत होतं, आणि खरं उत्तर शोधायची सवय त्यांना नव्हती.

"अर्धं," ते म्हणाले.

"कुठलं अर्धं?"

पाठमोऱ्या कल्याणीनं पाटी उजेडाकडे तिरपी धरली. हिरव्या रेघा आता भरघोस हलत होत्या. "मस्त येऊन राहिला आवाज," ती म्हणाली. "असंच चालू ठेवा. मधे थांबू मात्र नका, नाही तर पहिल्यापासून बोलावं लागेल."